साठ हर्ट्‌झची थरथर आणि त्यानंतरचं सगळं

१९७७ साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मधल्या दोन कॉपी एडिटरांना मोतीबिंदू असल्याचं निघालं. दोघंही तरुण, आणि दोघंही टाइपरायटर सोडून नव्याने आलेल्या व्हिडिओ टर्मिनलवर बातम्या तपासू लागलेले. पडद्यातून निघणाऱ्या किरणांमुळेच हे झालं, असा दावा करत कर्मचारी संघटनेने प्रकरण लावून धरलं. सरकारी तज्ज्ञांनी मोजमापं घेतली तर किरणोत्सर्ग नगण्य निघाला. पण टर्मिनलसमोर बसणाऱ्यांचे डोळे चुरचुरत होते, संध्याकाळी अक्षरं पुसट दिसत होती, ही तक्रार काही खोटी नव्हती. १९८३ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने या विषयावर मोठा अहवाल काढला. त्याचं सार असं, की पडद्यात डोळे बिघडवणारं काही नाही. त्रास आहे तो चकाकीचा, चुकीच्या दिव्यांचा, बसण्याच्या पद्धतीचा आणि तासन्‌तास एकाच जागी खिळवून ठेवणाऱ्या कामाचा.

त्या काळात वापरणाऱ्याच्या हातात सेटिंग म्हणजे मॉनिटरच्या अंगावरची दोन गोल बटणं. एक ब्राइटनेसचं, एक कॉन्ट्रास्टचं. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं ही तेव्हाची ओळख, आणि त्यामागे डोळ्यांचाच हिशेब होता. सीआरटी म्हणजे तेव्हाचा काचेच्या नळीचा पडदा. त्याच्या काचेला आतून लावलेलं फॉस्फर हे रसायन इलेक्ट्रॉनचा मारा बसला की उजळतं आणि लगेच विझू लागतं. चित्र टिकवायचं तर सेकंदाला पुन्हा पुन्हा मारा करत राहावं लागतं. आयबीएमने १९८१ च्या पीसीसोबत दिलेल्या हिरव्या मॉनिटरमध्ये मुद्दाम सावकाश विझणारं फॉस्फर वापरलं होतं. अक्षर थरथरत नसे. मात्र मजकूर वर सरकवला की मागे भुतासारखी हिरवी सावली रेंगाळायची.

मग पडद्याला कागद व्हायची हौस आली. झेरॉक्सच्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत १९७३ सालीच ‘आल्टो’ या संगणकावर पांढऱ्यावर काळी अक्षरं उमटली होती, १९८४ च्या मॅकिंटॉशने ती घराघरांत नेली. वाचायला हे केव्हाही सुखाचं. पण उजेड जितका जास्त, तितकी त्याची लुकलुक डोळ्याला अधिक जाणवते, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तर फारच. सबंध पडदा पांढरा झाल्यावर सेकंदाला ६० वेळांचा रिफ्रेश, म्हणजे चित्र नव्याने काढणं, अपुरा पडू लागला. त्यात १९८७ मध्ये आयबीएमने १०२४ × ७६८ चं चित्र दोन हप्त्यांत काढायची युक्ती आणली: आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. पूर्ण चित्र सेकंदाला जेमतेम साडेत्रेचाळीस वेळा तयार व्हायचं. अशा पडद्यावर एक पिक्सेल जाडीची आडवी रेघ हमखास फडफडते, आणि आपल्या लिपीत तर प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर तीच असते.

हा प्रश्न मुख्यतः सोडवला तो युरोपातल्या कामगारांनी. १९९० मध्ये युरोपीय समुदायाने नियम केला, की कामाच्या पडद्यावरचं चित्र स्थिर हवं, आणि ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट कर्मचाऱ्याला सहज बदलता आला पाहिजे. स्वीडनमधल्या टीसीओ या पांढरपेशा कामगारांच्या महासंघाने स्वतःचं मानांकनच सुरू केलं. टीसीओ ’९९ चा शिक्का हवा असेल तर ८५ हर्ट्‌झ, म्हणजे सेकंदाला ८५ वेळा रिफ्रेश, ही अट होती. मॉनिटरच्या चौकटीवर चिकटवलेली ती छोटी खूण आपल्याकडेही अनेकांनी पाहिली असेल, ती कामगार चळवळीची आहे याचा पत्ता नसताना.

आपल्याकडे तोवर वेगळाच तोडगा रुळला होता: मॉनिटरपुढे लटकवायची अँटिग्लेअर काच, तिला लोंबणारी अर्थिंगची वायर. चपला बाहेर काढून एसी खोलीत शिरायचं, कॉम्प्युटरवरचं कापड बाजूला करायचं आणि त्या काळपट काचेतून बघायचं. चकाकी ती काच थोडी कमी करायची, पण थरथरीवर तिचा काही इलाज नव्हता. तो होता विंडोजच्या आत: डिस्प्ले प्रॉपर्टीज, सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड, मॉनिटर. तिथे ६० चे ८५ केले, की पडदा क्षणभर काळा होऊन परत यायचा तो एकदम शांत. कॉलेजच्या लॅबमध्ये मी हा उद्योग मशीनमागून मशीन केला आहे. दुसऱ्या दिवशी निम्मी पुन्हा ६० वर! विंडोजचाही नाइलाज असे. मॉनिटरने आपली कुवत नीट सांगितली नाही, तर झेपणार नाही असा रेट लावून तो बिघडवण्यापेक्षा ६० बरे.

सपाट एलसीडी पडदे आल्यावर हा सगळा खटाटोप संपला. एलसीडीचा पिक्सेल विझत नाही, पुढचा हुकूम येईपर्यंत तसाच राहतो. त्यामुळे सपाट पडद्यावर ‘६० हर्ट्‌झने डोळे दुखतात का’ हा प्रश्न म्हणजे जुन्या दुखण्याचं औषध नव्या रोग्याला देणं. आजचे १२० किंवा १४४ हर्ट्‌झ हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून आहेत. थरथर मात्र मागच्या दाराने परत आली. बऱ्याच पडद्यांत ब्राइटनेस कमी करायचा म्हणजे मागचा दिवा भराभर चालू-बंद करायचा, अशी रचना असते. डोळ्यांना बरं म्हणून उजेड उतरवावा, तर नेमकी तेव्हाच ही उघडझाप वाढते, आणि काहींचं डोकं धरतं.

एलसीडीने दुसरीही एक खोड लावली. अक्षरं बारीक दिसतात म्हणून लोक रिझोल्यूशन उतरवू लागले, आणि मोठी पण धूसर अक्षरं वाचत बसले. खरा उपाय रिझोल्यूशन तसंच ठेवून स्केल, म्हणजे अक्षरांचा आकार, वाढवण्याचा. मॅकने एका इंचाला ७२ पिक्सेल धरले होते, विंडोजने ९६. पडदा डोळ्यांपासून कागदापेक्षा दूर असतो, म्हणून विंडोजचं अक्षर तिसऱ्या हिश्श्याने मोठं. पण हा हिशेब रोमन अक्षरांचा. आपल्या अक्षराला वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, आणि तेवढ्याच उंचीत जोडाक्षरही. विंडोज २००० सोबत ‘मंगल’ फॉन्ट आला तेव्हा इंग्रजीला पुरणारा बारा पॉइंट मराठीला अपुरा पडला. पुढे विंडोज एक्सपीत क्लिअरटाइप आलं, तेही आधी बंद ठेवलेलं. एका पिक्सेलमधले लाल, हिरवा, निळा असे शेजारी-शेजारी असलेले तुकडे वापरून ते कडा मऊ करायचं, पण फक्त आडव्या दिशेत. त्यामुळे काना सुबक झाला, वेलांटीचा माथा पायऱ्यांचाच राहिला.

निळ्या प्रकाशाची कथा सगळ्यांत गाजली आणि सगळ्यांत जास्त गैरसमजाची. २००२ मध्ये चेताशास्त्रज्ञ डेव्हिड बर्सन यांच्या गटाने दाखवलं, की डोळ्याच्या आतल्या पडद्यातल्या (रेटिनातल्या) काही चेतापेशी स्वतःच प्रकाश ओळखतात आणि शरीराच्या घड्याळाला खबर देतात. त्या निळसर उजेडाला विशेष प्रतिसाद देतात. २००९ मध्ये रात्री पडद्याचा निळेपणा उतरवणारा एफ.लक्स हा छोटा प्रोग्रॅम आला, त्याच धर्तीवर २०१६ मध्ये आयफोनवर नाइट शिफ्ट, २०१७ मध्ये विंडोज १० मध्ये नाइट लाइट. मुद्दा झोपेचा होता. बाजाराने तो डोळ्यांच्या ताणाला चिकटवला आणि निळा प्रकाश अडवणारे चष्मे विकले. वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात १७ चाचण्या तपासल्या, तेव्हा त्या चष्म्यांनी ताण कमी होत असल्याचं दिसलं नाही. डार्क मोडबद्दल काय बोलावं, तो १९८१ चाच काळा पडदा. अंधाऱ्या खोलीत ठीक. पण काळ्यावर पाहताना बाहुली मोठी होते, आणि सिलिंड्रिकल नंबर असणाऱ्यांना अक्षरांभोवती धुकं दिसतं.

यातल्या कुठल्याच बटणाने न सुटणारी गोष्ट १९९३ मध्येच मोजली गेली होती. जपानी संशोधकांनी कार्यालयीन कर्मचाऱ्यांच्या पापण्या किती वेळा लवतात ते मोजलं: निवांत बसलेले असताना मिनिटाला सरासरी २२ वेळा लवतात, पुस्तक वाचताना १०, पडद्यासमोर ७. डोळे कोरडे पडतात ते यामुळे. शिवाय पडदा उंच असला की पापण्या जास्त उघडतात आणि ओलावा अधिक उडतो, म्हणून मॉनिटर खाली ठेवा असं त्यांनी सुचवलं. तेव्हा तो कॉम्प्युटरच्या आडव्या कॅबिनेटच्या डोक्यावर विराजमान असायचा. लॅपटॉपने पडदा नकळत खाली आणला. मग मान वाचवायला त्याखाली स्टँड आला, आणि पडदा पुन्हा वर गेला.