ऐंशीनंतरचा पक्षाघात आणि गुठळी काढण्याचा निर्णय

इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्यनगरात ऐंशी ओलांडलेल्या आजोबांचे तोंड अचानक वाकडे होते, उजवा हात लुळा पडतो, आणि रुग्णालयात मेंदूच्या मोठ्या रोहिणीत गुठळी अडकल्याचे कळल्यावर मुले डॉक्टरांना विचारतात, ‘या वयात त्यांना हे झेपेल का?’ प्रश्न मायेपोटी आलेला असतो, परंतु केवळ वयावरून त्याचे उत्तर देता येत नाही.

थ्रॉम्बेक्टॉमी या उपचारात जांघेतल्या रोहिणीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात आणि गुठळी जाळीत पकडून किंवा शोषून बाहेर काढतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाच चाचण्यांतील १२८७ रुग्णांची माहिती पुढच्या वर्षी एकत्र तपासली गेली. तीन महिन्यांनी स्वतःचे व्यवहार स्वतः सांभाळू शकणाऱ्यांचे प्रमाण गुठळी काढलेल्यांत ४६ टक्के, तर केवळ औषधोपचार मिळालेल्यांत सुमारे २६ टक्के होते. ऐंशी व त्याहून अधिक वयाच्या रुग्णांत हेच आकडे सुमारे ३० आणि १४ टक्के होते. म्हणजे वृद्धांमध्ये पूर्ववत होणारे कमी असतात हे खरे. तरीही गुठळी न काढल्यास त्यांची स्थिती त्याहून पुष्कळ वाईट होते, आणि माझ्या मते घरच्यांनी तुलना करायची ती याच दोन स्थितींची, तरुण रुग्णाशी नव्हे. अर्थात चाचण्यांत घेतलेले बहुतेक वृद्ध आधी हिंडते-फिरते होते, त्यामुळे पूर्वीपासून अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला हे आकडे जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

वय आड येते ते अनेक वाटांनी. रोहिण्या कडक आणि वळणावळणाच्या झालेल्या असतात, म्हणून नळी पोहोचायला वेळ लागतो. शेजारच्या वाहिन्यांतून मिळणारा पर्यायी रक्तपुरवठा अपुरा पडतो. आणि गुठळी निघाल्यावरही गिळण्याच्या अडचणीतून न्यूमोनिया होऊ शकतो. लक्षणांनंतर सहा ते चोवीस तासांत उपचार करून पाहणाऱ्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डॉन’ चाचणीने ऐंशी वर्षांवरच्यांना वगळले नाही, मात्र मेंदूचा मृत झालेला भाग २१ मिलिलिटरपेक्षा कमी असण्याची अट त्यांना घातली. त्याहून तरुण रुग्णांसाठी ही मर्यादा सैल होती.

रोहिणी अडलेली असताना प्रत्येक मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज आहे. माळव्यात लकवा झाला की तेलमालिश सुरू होते किंवा नीमचजवळच्या भादवामातेला नेण्याची तयारी होते. दर्शनाला नंतरही जाता येईल. आधी १०८ ला फोन करावा आणि जिथे ही प्रक्रिया चोवीस तास होते अशा रुग्णालयातच न्यावे. तिथे तीन गोष्टी नेमक्या सांगाव्यात: आजोबा शेवटचे ठीक कधी दिसले, रक्त पातळ करणारी कोणती गोळी चालू आहे, आणि कालपर्यंत ते आंघोळ, जेवण, चालणे यांपैकी काय काय स्वतः करत होते.