गाण्याने दम वाढतो का?

15 फेब्रुवारी 1998 रोजी इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या बंदिस्त स्टेडियममध्ये इथिओपियाचा हाइले गेब्रसेलासी 2000 मीटर धावला. आपण धावत असताना ‘स्कॅटमॅन’ हे त्या काळात गाजलेलं डान्स गाणं कर्ण्यांवर वाजवावं, अशी त्याने आयोजकांना विनंती केली होती. गाणं वाजलं, त्याची पावलं त्या ठेक्यावर पडत गेली आणि 4 मिनिटं 52.86 सेकंदांत त्याने बंदिस्त मैदानावरचा जागतिक विक्रम केला. तो विक्रम नऊ वर्षं टिकला. 2007 मध्ये त्याच शहरात, त्याच्याच देशाच्या केनेनिसा बेकेलेने तो मोडला.

व्यायाम आणि संगीत यांचा विषय निघाला की हा किस्सा हमखास सांगितला जातो. पण गेब्रसेलासी हा जगातल्या सर्वोत्तम धावपटूंपैकी एक होता, तो गाण्याविनाही विक्रम करतच होता. एका शर्यतीवरून गाण्याला श्रेय देता येत नाही. मग गाणं शरीरात नक्की काय करतं, आणि त्याचा उपयोग सकाळी नाइलाजाने चालायला निघालेल्या पन्नाशीच्या माणसाला कितपत आहे? मला यातला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. विक्रम करणारे मूठभर असतात. व्यायाम सुरू करून महिन्याभरात सोडून देणारे घरोघरी असतात.

या विषयावरचं संशोधन शंभर वर्षांहून जुनं आहे. 1911 मध्ये लिओनार्ड एअर्स या अमेरिकी अभ्यासकाने सलग सहा दिवस चालणाऱ्या सायकल शर्यतीचा वेग तपासला. बँड वाजत असताना सायकलस्वार जास्त जोरात पेडल मारत होते, बँड थांबला की वेग कमी होत होता. निष्कर्ष सरळ दिसतो, पण त्यात एक खोच आहे. बँड वाजू लागला की प्रेक्षकांनाही चेव येणार, आरडाओरडा वाढणार. मग सायकलस्वाराला नेमकं कोणी पळवलं? ही अडचण आजही पुरती सुटलेली नाही. औषधाच्या चाचणीत खऱ्या गोळीऐवजी साखरेची गोळी देता येते आणि रुग्णाला ते कळत नाही. कानात गाणं वाजतंय की नाही, हे मात्र कोणापासूनच लपवता येत नाही. गाण्याने जोर येतो असं ज्याला आधीपासूनच वाटतं, त्याला थोडा जोर येणारच. म्हणून इथे सुट्या प्रयोगांपेक्षा अनेक प्रयोगांची एकत्र छाननी जास्त भरवशाची.

अशी मोठी छाननी 2020 मध्ये ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ पीटर टेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. त्यांनी 139 अभ्यास एकत्र केले. सर्वांत ठळक फरक दिसला तो व्यायाम करताना कसं वाटतं यात: गाणं असेल तर व्यायाम जास्त सुखाचा होतो. त्याखालोखाल कामगिरी सुधारते. श्रम थोडे कमी जाणवतात, ऑक्सिजनही किंचित कमी खर्च होतो. आणि हृदयाचे ठोके? त्यांत लक्षात घेण्याजोगा फरक नाही.

शेवटची गोष्ट मोलाची आहे. गाणं ऐकून हृदय बळकट होत नाही, फुप्फुसं मोठी होत नाहीत. दम होता तेवढाच राहतो. बदलतं ते त्या दमाबद्दल मेंदूला काय वाटतं ते.

हे ‘वाटणं’ मोजायचं कसं? स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी त्यासाठी एक साधी पट्टी तयार केली. ती 6 पासून 20 पर्यंत जाते. 6 म्हणजे काहीच श्रम नाहीत, 20 म्हणजे याहून जास्त शक्यच नाही. सुरुवात 6 पासून का, याला कारण आहे. निरोगी तरुण माणसाने सांगितलेल्या आकड्याला दहाने गुणलं की साधारण त्याच्या हृदयाचे मिनिटाला पडणारे ठोके मिळतात. ट्रेडमिलवरच्या माणसासमोर ही पट्टी धरायची आणि दर काही मिनिटांनी आकडा विचारायचा. मध्यम वेगाच्या व्यायामात गाणं लावलं की हा आकडा थोडा उतरतो, ठोके मात्र तेच असतात.

कारण मेंदूचं लक्ष मर्यादित असतं. दुखणाऱ्या पोटऱ्या, चढलेला श्वास, घाम या सगळ्या तक्रारी आतून येत असतात, आणि त्याच वेळी गाणं बाहेरून येतं. व्यायाम मध्यम असेल तर गाणं त्या तक्रारींची थोडी जागा अडवतं. वेग वाढत जाऊन बोलताही येणार नाही इतकी धाप लागली, की शरीराच्या तक्रारी इतक्या मोठ्या होतात की गाणं त्यांच्यापुढे टिकत नाही. श्रमांचा आकडा मग गाणं असलं काय नि नसलं काय, सारखाच येतो.

पण तिथेही गाणं अगदी निकामी होत नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात माणसांना 30 सेकंद जीव तोडून सायकल चालवायला लावली, मग 4 मिनिटं विश्रांती, असं चार वेळा. ज्यांनी हे केलं आहे त्यांना ठाऊक असेल, दुसऱ्या फेरीपासूनच पाय भरून येतात. आवडीचं संगीत लावल्यावर लोकांनी श्रमाचा आकडा तेवढाच सांगितला, पण पेडलवर लावलेली ताकद वाढली आणि व्यायाम जास्त आवडला.

इथपर्यंत लक्ष विचलित होण्याची गोष्ट झाली. तेवढंच असतं तर भिंतीवरचा टीव्हीही पुरला असता. संगीतात ठेका असतो, आणि ठेका थेट हालचालीच्या यंत्रणेला हात घालतो. निपचित पडलेल्या माणसाला नुसता ताल ऐकवून मेंदूचं स्कॅनिंग केलं, तरी हालचालींची आखणी करणारे भाग आणि मेंदूच्या तळाशी असलेले बेसल गँग्लिया जागे झालेले दिसतात. बोट हललेलं नसतं, तरी हालचालीची तयारी सुरू झालेली असते.

टेरी यांच्याच 2012 मधल्या एका प्रयोगाने मला विचारात पाडलं. त्यांनी 11 अव्वल ट्रायथलॉनपटूंना (पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत करणाऱ्यांना) पाय थकेपर्यंत ट्रेडमिलवर धावायला लावलं. एकदा स्फूर्तिदायक संगीत, एकदा बेताचं, ना स्फूर्ती ना मरगळ असं संगीत, आणि एकदा शांतता. दोन्ही संगीतं पावलांच्या गतीशी जुळवलेली होती. शांततेच्या तुलनेत स्फूर्तिदायक संगीतावर खेळाडू 18.1 टक्के जास्त वेळ टिकले. बेताच्या संगीतावर? 19.7 टक्के. गाणं रक्त सळसळवणारं आहे की नाही याने फरकच पडला नाही. पाऊल ठेक्यावर पडतंय की नाही, हे जास्त महत्त्वाचं असावं. अर्थात हे मुरलेले खेळाडू होते. नवख्या माणसाला गाणं आवडणं जास्त गरजेचं असू शकतं. पण ‘जोशपूर्ण गाण्यांची यादी’ या नावाखाली जे काही फिरत असतं, त्यात ठेक्याचा विचार क्वचितच असतो.

ठेका जुळला की ऊर्जा का वाचते, तेही समजून घेण्यासारखं आहे. ठेक्याविना सायकल चालवताना आपली गती सारखी बारीक बारीक बदलत असते, जरा वाढते, जरा कमी होते. प्रत्येक बदलाला थोडी ताकद लागते. ठेक्याने ती गती एकसारखी राहते. 2012 मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश अभ्यासात, पेडलच्या गतीशी जुळणाऱ्या संगीतावर सायकल चालवणाऱ्यांनी, किंचित संथ आणि न जुळणाऱ्या संगीताच्या तुलनेत सुमारे 7 टक्के कमी ऑक्सिजन वापरला. काम तेवढंच झालं होतं.

लिव्हरपूलमधला 2010 चा प्रयोग तर मोठा मार्मिक आहे. बारा विद्यार्थ्यांना लोकप्रिय गाणी ऐकत हवी त्या जोराने सायकल चालवायला सांगितली. त्यांना न सांगता गाण्यांचा वेग कधी 10 टक्के वाढवला, कधी 10 टक्के कमी केला. वेग वाढवल्यावर अंतर सुमारे 2 टक्के वाढलं. कमी केल्यावर जवळजवळ 4 टक्के घटलं. वेगवान गाण्यांच्या वेळी श्रम जास्त झाल्याचंही विद्यार्थ्यांनी सांगितलं, तरी ती गाणी त्यांना जास्त आवडली. म्हणजे दरवेळी गाणं थकवा लपवतंच असं नाही. कधी ते थकवा जाणवू देतं आणि तरीही माणूस आपखुशीने जास्त राबतो. आणखी एक गोष्ट: संथ गाण्याने झालेलं नुकसान वेगवान गाण्याने झालेल्या फायद्यापेक्षा मोठं होतं. व्यायामाला चुकीचं गाणं लावणं महागात पडू शकतं.

जर्मनीत लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेत थॉमस फ्रिट्झ यांनी 2013 मध्ये उलट्या दिशेने विचार केला. गाण्यावर व्यायाम करण्याऐवजी व्यायामातून गाणं निघालं तर? त्यांनी व्यायामाच्या यंत्रांना सेन्सर जोडले. दांडा ओढला, पायरी दाबली की त्या हालचालीनुसार संगीत घडत जाई. तिघंजण मिळून व्यायाम करत आणि तिघांचं मिळून संगीत तयार होई. नुसतं ऐकत केलेल्या व्यायामाच्या मानाने हा व्यायाम बहुतेकांना कमी थकवणारा वाटला, आणि स्नायूंनी ऊर्जाही जास्त काटकसरीने वापरली.

हा प्रयोग वाचताना मराठी माणसाला लेझीम आठवायला हवी. लेझीम म्हणजे दुसरं काय आहे? हातातलं साधन चालवल्याशिवाय आवाज नाही, आणि आवाज चुकला की कवायत चुकली हे सगळ्या रांगेला कळतं. हलगीने लय धरायची, ‘चार आवाज’ म्हटलं की पन्नास जणांच्या लेझमी एकदम वाजायच्या, पाऊल आणि खणखणाट यांत फट राहायची नाही. खाली वाकणं, उठणं, उडी, बैठक, सगळंच त्यात येतं. लाइपझिगमध्ये सेन्सर लावून जे साधलं, ते इथे लाकडी दांडा, साखळी आणि पत्र्याच्या चकत्यांत आहे. कुणी तरी ऑक्सिजनचा मुखवटा लावून लेझीम खेळणाऱ्यांची मोजणी करावी असं मला मनापासून वाटतं. जात्यावरच्या ओव्यांनाही हीच कसोटी लावता येईल: खुंटा फिरवणारे दोन हात, एक लय आणि पहाटेचं पायलीभर दळण.

मग प्रत्यक्षात गाणी निवडायची कशी? लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कोस्टास कारागेऑर्गिस यांनी अनेक वर्षं याच प्रश्नावर काम केलं आहे. त्यांच्या मते गाण्याचा जोर चार गोष्टींवर ठरतो: ठेका, चाल, त्या समाजात गाण्याला असलेलं स्थान आणि ऐकणाऱ्याच्या मनात गुंतलेल्या आठवणी. पहिल्या दोन गोष्टी गाण्यातच असतात, उरलेल्या दोन ऐकणाऱ्याबरोबर येतात. म्हणून इंग्रजी याद्या जशाच्या तशा उचलण्यात अर्थ नाही. गणपतीच्या मिरवणुकीत नाचलेलं गाणं पुण्याच्या पोराला जे देईल, ते बर्मिंगहॅमच्या पोराला देणार नाही.

वेगाचं म्हणाल तर, मध्यम ते जोरकस व्यायामात लोकांना मिनिटाला साधारण 120 ते 140 ठोक्यांचं संगीत आवडतं. व्यायाम आणखी वाढवला तरी ही आवड त्या प्रमाणात वर चढत नाही, तिथेच रेंगाळते. भराभर चालताना आपली पावलंही मिनिटाला 120 च्या आसपास पडतात. आपली पावलं 15 सेकंद मोजा आणि चाराने गुणा. गाण्याचे ठोके तसेच मोजा. दोन्ही आकडे जवळ आले की काम झालं. धावताना पावलं 160 च्या पुढे जातात, तेवढी जलद गाणी फार नसतात. अशा वेळी 80 ठोक्यांचं गाणं घ्यावं आणि पावलं दुगणीत टाकावीत, म्हणजे दर ठोक्याला दोन पावलं.

आवाज मात्र बेताने. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास चालतो, 90 डेसिबलचा फक्त 4 तास. रोज तासभर 90 डेसिबलवर धावणाऱ्याची मर्यादा शुक्रवारच्या आधीच संपते. रस्त्यावर चालताना एक कान मोकळा ठेवावा, हे वेगळं सांगायला नको.

ठेक्याचा सर्वांत मोठा उपयोग मात्र जिममध्ये नाही. पार्किन्सनच्या आजारात बेसल गँग्लियाचं काम बिघडतं, पावलं लहान पडू लागतात, चालता चालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे अडतात. आतला ठेका हरवतो, तेव्हा बाहेरून दिलेला ठेका त्याची जागा काही प्रमाणात भरून काढतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्य विद्यापीठात मायकेल थाउट यांच्या गटाने 1996 मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांना तीन आठवडे ठेका ठळक केलेल्या संगीतावर चालायचा सराव दिला. त्यांच्या चालण्याचा वेग सुमारे 25 टक्क्यांनी वाढला, पावलंही लांब पडू लागली. पक्षाघातानंतर चालणं पुन्हा शिकवतानाही आता ही पद्धत वापरतात. घरात असा रुग्ण असेल तर फिजिओथेरपिस्टला याबद्दल जरूर विचारा. सुरुवात रुग्णाच्या आत्ताच्या चालीइतक्याच ठेक्याने करायची असते आणि वेग टप्प्याटप्प्याने वाढवायचा असतो. एकदम जलद गाणं लावलं तर तोल जाऊन पडण्याची भीती असते.