एसएसएलव्हीचं लाँच बघताना शेवटची मिनिटं चुकवू नका

16 ऑगस्ट 2024 ला सकाळी 9:17 ला श्रीहरिकोटावरून एसएसएलव्ही-डी3, म्हणजे इस्रोच्या छोट्या एसएसएलव्ही रॉकेटचं तिसरं उड्डाण, झालं तेव्हा मी लाइव्ह लावून बसलो होतो, आणि खरं सांगतो, लिफ्टऑफपेक्षा मला शेवटच्या टप्प्याचंच टेन्शन जास्त होतं. कारण दोन वर्षांपूर्वी याच रॉकेटच्या पहिल्या उड्डाणात सगळं मस्त चाललंय असं वाटत असतानाच घात झाला होता.

आधी रॉकेटबद्दल थोडं. इस्रोचं मोठं रॉकेट पीएसएलव्ही 44 मीटर उंच आणि 320 टनाचं, त्याच्यासमोर हे अगदीच लहान, 34 मीटर उंच, वजन 120 टनाच्या आसपास. काम काय, तर 500 किलोपर्यंतचे छोटे सॅटेलाइट 500 किमीच्या कक्षेत सोडायचे. तिन्ही मुख्य स्टेज सॉलिड इंधनाच्या, म्हणजे लाँचपॅडवर टाक्या भरत बसायची भानगड नाही, तयारीला दिवस कमी लागतात आणि माणसंही कमी लागतात. पण सॉलिड मोटर दिवाळीतल्या बाणासारखी असते, एकदा पेटली की पेटली, मधेच बंद करता येत नाही. त्यामुळे तिसरी स्टेज जळून संपते तेव्हा वेग पाहिजे त्याच्यापेक्षा थोडा इकडे-तिकडे असतोच. तो फरक काढायला वर लिक्विड इंधनाचं एक छोटं मॉड्यूल बसवलंय, व्हीटीएम म्हणतात त्याला. ते छोटे छोटे थ्रस्टर पेटवून वेग नेमका करतं आणि मग सॅटेलाइट सुटतो. माझ्या मते या रॉकेटमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि बघणारे बरेच जण त्याच्या आधीच यूट्यूब बंद करून मोकळे होतात!

आता 7 ऑगस्ट 2022 ला, म्हणजे डी1 या पहिल्या उड्डाणात काय झालं ते बघा. दुसरी स्टेज सुटताना जो हादरा बसला तो अपेक्षेपेक्षा जास्त होता, अगदी क्षणभरच, पण तेवढ्यात रॉकेटचा वेग कसा बदलतोय ते मोजणारे अॅक्सेलरोमीटर गोंधळले. सॉफ्टवेअरने बघितलं की सहाच्या सहा सेन्सर विचित्र रीडिंग देतायत, आणि सगळेच बिघडलेत असं ठरवून टाकलं. खरं तर सेन्सर चांगले होते. पण रॉकेट लगेच आणीबाणीच्या मोडमध्ये गेलं, आधीपासून भरून ठेवलेल्या आकड्यांवर पुढे उडत राहिलं, तिसरी स्टेज व्यवस्थित जळली, सॅटेलाइटसुद्धा सुटले, फक्त व्हीटीएम वापरलंच गेलं नाही. 356 किमीची गोल कक्षा पाहिजे होती, मिळाली 356 बाय 76 किमीची लांबट. वेग कमी पडला तो फक्त एक टक्क्याच्या आसपास! पण 76 किमीवर हवा विरळ असली तरी एवढ्या वेगाने जाणाऱ्या वस्तूला खाली ओढायला ती भरपूर होते, त्यामुळे ईओएस-02 आणि 75 शाळांमधल्या 750 मुलींच्या सहभागातून झालेला आझादीसॅट, दोन्ही हातचे गेले. त्या मुलींसाठी मला अजूनही वाईट वाटतं. त्यांचा आझादीसॅट-2 मात्र 10 फेब्रुवारी 2023 ला डी2 वरून, म्हणजे दुसऱ्या उड्डाणात, नीट पोचला. डी2 च्या आधी स्टेज सुटायची यंत्रणाच बदलून हादरा कमी केला होता आणि सेन्सर बाद ठरवायच्या आधी सॉफ्टवेअर जास्त वेळ थांबून बघेल अशी सुधारणा केली होती.

तर डी3. साधारण 17 मिनिटांचं मिशन, 475 किमीची कक्षा आणि मुख्य प्रवासी ईओएस-08, वजन 175.5 किलो. हा टेक्नॉलॉजी डेमो सॅटेलाइट, म्हणजे नवीन गोष्टी अंतराळात खरंच चालतात का ते बघायला पाठवलेला. त्यात रात्रीसुद्धा फोटो काढणारा इन्फ्रारेड कॅमेरा आहे, आणि एक यूव्ही म्हणजे अतिनील किरणं मोजणारा सेन्सर आहे जो माणसांना अंतराळात नेणाऱ्या गगनयानच्या खिडकीपाशी किती यूव्ही पोचतं ते कळावं म्हणून चाचणीला पाठवला. पण मला सगळ्यात भारी वाटलं ते जीएनएसएस-आर. हे यंत्र स्वतः कुठलाही सिग्नल सोडत नाही. आपल्या मोबाइलला लोकेशन देणारे जे नॅव्हिगेशन सॅटेलाइट आहेत त्यांचे सिग्नल जमिनीवर, समुद्रावर आपटून परत वर जातातच, ते हे पकडतं. समुद्र शांत असेल तर सिग्नल स्वच्छ परततो, वाऱ्याने लाटा उठल्या असतील तर विखुरतो, त्यावरून वाऱ्याचा वेग काढता येतो. जमीन ओली की कोरडी, पूर आलाय का, हेही त्या परतलेल्या सिग्नलच्या ताकदीवरून समजतं. रडारसारखी मोठी वीज खायची गरजच नाही, म्हणून छोट्या सॅटेलाइटला हे एकदम सूट होतं.

डी3 नंतर इस्रोने रॉकेटचा विकास पूर्ण झाल्याचं सांगितलं आणि पुढे हे बनवायचं काम एचएएल या सरकारी विमान कंपनीकडे जातंय. तमिळनाडूत कुलसेकरपट्टिनमला याच्यासाठी वेगळं लाँचपॅडही होतंय, 28 फेब्रुवारी 2024 ला पायाभरणी झाली. श्रीहरिकोटावरून ध्रुवीय कक्षेत, म्हणजे दोन्ही ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत, जायचं तर श्रीलंका वाटेत येते, तिला वळसा घालण्यात इंधन जातं आणि एवढ्या छोट्या रॉकेटला ते परवडत नाही. कुलसेकरपट्टिनमवरून दक्षिणेला सरळ समुद्रच आहे.