इंग्रजी साम्राज्य आणि एका झाडाचा चीक

गेल्या महिन्यात माझ्या दाढेचं रूट कॅनॉल झालं. शेवटच्या खेपेला डॉक्टरांनी एका चपट्या डबीतून आगकाडीपेक्षाही बारीक, गुलाबी-नारिंगी काड्या काढल्या. साफ केलेल्या मुळात त्या बसवायच्या आणि वर राहिलेलं टोक तापवलेल्या हत्याराने कापायचं. हे काय म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "जीपी. गट्टापर्चा." नाव ऐकल्यावर मला राहवेना. निघताना मी त्यांच्याकडून एक काडी मागून घेतली आणि घरी येऊन उकळत्या पाण्यात धरली. लगेच मऊ पडली. बोटाने वळवून आकडा केला, गार होऊ दिला, तर तो तसाच राहिला.

एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी जग जिंकलं ते तोफा, बंदुका आणि फोडाफोडीच्या जोरावर, असं आपण लहानपणापासून वाचतो. ते खोटं नाही. पण जिंकलेला मुलूख हजारो मैलांवरून चालवायचा कसा? तिथे नेमलेला आपलाच गव्हर्नर काय करतोय हे कळणार कसं? या प्रश्नांची बरीचशी उत्तरं या काडीतल्या पदार्थाने दिली आहेत.

गट्टापर्चा म्हणजे मलाया, सुमात्रा, बोर्निओच्या जंगलांतल्या पॅलाक्वियम गट्टा या झाडाचा चीक. हे झाड आपल्या चिकूच्याच कुळातलं. कच्चा चिकू चिरताना बोटांना जो पांढरा चीक लागतो, त्याचा हा दूरचा नातेवाईक. मलाय लोकांना त्याचे गुण केव्हापासूनच ठाऊक होते. चीक आटवायचा, गरम पाण्यात मऊ करायचा आणि कोयत्याची मूठ करायची. सिंगापूरला नेमणूक असलेल्या विल्यम माँटगोमेरी या स्कॉटिश डॉक्टरने अशाच मुठी पाहिल्या आणि १८४३ च्या सुमारास नमुने लंडनला धाडले. १८४८ मध्ये मायकेल फॅरडेने हा पदार्थ उत्तम विद्युतरोधक असल्याचं लिहिलं. त्याच सुमारास जर्मनीत वेर्नर सीमेन्सने तांब्याच्या तारेवर त्याचा अखंड थर चढवणारं यंत्र बनवलं.

रबर होतं की, मग हेच का? दोन्हींचे रेणू एकाच घटकाच्या, आयसोप्रीनच्या, लांबलचक साखळ्या आहेत. फरक फक्त जोडणीचा. रबरात प्रत्येक दुहेरी बंधापाशी साखळीचे दोन भाग एकाच बाजूला असतात (त्याला सिस म्हणतात), त्यामुळे साखळी वाकडीतिकडी होते, नीट रचली जात नाही आणि ताणली की लांबते. गट्टापर्च्यात ते विरुद्ध बाजूंना असतात, म्हणजे ट्रान्स. साखळ्या जरा सरळ असल्यामुळे शेजारीशेजारी दाटीने बसतात. म्हणून तो एरवी कठीण असतो आणि साधारण ६० अंशांच्या आसपास मऊ होतो. उन्हात आणि हवेत तो काही काळाने ठिसूळ होऊन तडकतो, पण अंधाऱ्या, थंड, खाऱ्या पाण्यात वर्षानुवर्षं टिकतो. समुद्रतळावर टाकायच्या तारायंत्राच्या केबलसाठी याहून चांगलं आवरण त्या काळी दुसरं नव्हतं.

आता गरज पाहू. १० मे १८५७ ला मीरतमध्ये उठाव झाला. ती बातमी लंडनला पोचायला सुमारे दीड महिना लागला. तोवर दिल्ली हातची गेली होती. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये आयर्लंड ते न्यूफाउंडलँड अशी अटलांटिकची पहिली केबल जोडली गेली. ती जेमतेम तीन-चार आठवडे चालली. पण त्या अवधीत लंडनहून कॅनडाला एक तार गेली. कॅनडातल्या दोन पलटणींना हिंदुस्थानच्या लढाईसाठी निघायचा हुकूम झाला होता, उठाव मोडत आल्यामुळे तो रद्द करायचा होता. या एका तारेने सरकारचे सुमारे ५० हजार पौंड वाचले. इंग्लंडच्या कारभाऱ्यांना याहून मोठी जाहिरात नको होती.

ही केबल मेली कशी, हा मला या सगळ्यातला सर्वांत आवडता भाग, म्हणून जरा थांबून सांगतो. केबलमध्ये मधोमध तांब्याची तार, भोवती गट्टापर्चा, बाहेर समुद्राचं पाणी. मधे रोधक आणि दोन्हीकडे वाहक, म्हणजे शाळेत शिकलेला, विजेचा भार साठवणारा कंडेन्सर झाला, फक्त हजारो किलोमीटर ताणलेला. बागेतली लांब, मऊ रबरी नळी डोळ्यांसमोर आणा. नळ सोडला की आधी नळीच फुगते, मग पलीकडे हळूहळू धार सुरू होते. नळ बंद केला तरी ती लगेच थांबत नाही. केबलचंही तसंच. एका टोकाला विजेचा ठोका दिला की आधी ती तार स्वतः भारित होते. पलीकडे ठोका पोचतो तो पसरलेला, पुसट. त्यावर दुसरा ठोका दिला तर दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि तारायंत्राची कडकट्टची भाषा वाचताच येत नाही.

विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५४-५५ मध्ये याचं गणित मांडलं. तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, लांबीच्या पटीत वाढतो. भार साठवायची क्षमताही लांबीच्या पटीत वाढते. विलंब ठरतो दोघांच्या गुणाकारावर, म्हणजेच लांबीच्या वर्गावर. इंग्लंड-फ्रान्समधल्या खाडीतली केबल सुमारे ४० किलोमीटरची. अटलांटिकची तिच्या ऐंशी-एक पट लांब. तार तीच, आवरण तेच ठेवलं तर विलंब ८० गुणिले ८०, म्हणजे ६४०० पट! राणी व्हिक्टोरियाचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे पोचायला १६ तास लागले ते यामुळेच. केबल टाकणाऱ्या कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस मुळात शल्यवैद्य होते आणि त्यांना हे गणित मान्य नव्हतं. संदेश नीट जात नाही म्हणून त्यांनी दाब वाढवत सुमारे २००० व्होल्टपर्यंत नेला. आवरणात आधीच कच्च्या जागा होत्या, त्या या दाबाने पार निकामी झाल्या. टॉमसन यांचा मार्ग उलटा होता. दाब कमीच ठेवा आणि पलीकडे टिपणारं यंत्र नाजूक करा. त्यांनी गुंजभर वजनाचा चुंबक लावलेला आरसा धाग्याला टांगला आणि त्यावर दिव्याची तिरीप सोडली. क्षीण प्रवाहानेही आरसा किंचित वळे आणि पट्टीवरचा कवडसा डावी-उजवीकडे सरके. कारकून तो कवडसा पाहून अक्षरं सांगत असे.

आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वी बॅटरी होती असे संदेश अधूनमधून फोनवर फिरतात. ते पाठवणाऱ्यांनी निदान हे गणित एकदा समजून घ्यावं. दोन धातू आम्लात बुडवून ठिणगी मिळते, पण त्यातून तारायंत्र होत नाही. तांबं किती शुद्ध आहे, आवरणाचा थर किती जाड आहे, रोध किती आहे, हे सगळं मोजावं लागतं. ही मोजण्याची शिस्तच त्या केबलचं खरं बळ होती.

वर्गाच्या नियमावर उपाय एकच. तांबं जाड करा म्हणजे रोध घटतो, आणि त्या बेताने गट्टापर्चाही जाड करा, नाहीतर साठवण वाढते. १८५८ च्या केबलमध्ये दर सागरी मैलाला १०७ पौंड तांबं आणि २६१ पौंड गट्टापर्चा होता. १८६६ च्या यशस्वी केबलमध्ये ३०० पौंड तांबं आणि ४०० पौंड गट्टापर्चा.

हे ४०० पौंड आले कुठून? पॅलाक्वियमच्या सालीत चीक छोट्या छोट्या, तुटक पोकळ्यांत असतो आणि बाहेर येताच गोठतो. रबराच्या झाडाला चीर देऊन भांडं लावतात तसं इथे जमत नाही. म्हणून झाड आडवं करायचं, बुंध्यावर कड्यासारख्या खाचा पाडायच्या आणि साकळलेला चीक खरवडायचा. एवढं करून एका झाडातून मिळायचा काही शे ग्रॅम. झाडामागे ३०० ग्रॅम धरले तर ४०० पौंडांना, म्हणजे १८१ किलोंना, सुमारे ६०० झाडं. एका सागरी मैलाला सहाशे झाडं! आणि केबल हजारो मैलांची. जंगलात हे काम करणारे होते मलाय, दायाक आणि इतर आदिवासी. सिंगापूरच्या व्यापाऱ्यांमार्फत माल लंडनला जाई. सिंगापूर बेटावरची रानातली झाडं तर थोड्याच वर्षांत संपली. मग तोडणी सरकत सरकत सुमात्रा आणि बोर्निओच्या आत गेली. टॉमसन यांचं समीकरण कागदावर सुंदर दिसतं, पण त्यातली प्रत्येक सुधारणा त्या जंगलाने भरून दिली आहे. हे मला विसरता येत नाही.

मुंबईची केबल १८७० ची. त्याआधी १८५९-६० मध्ये ब्रिटिश सरकारने हमी दिलेली तांबड्या समुद्रातली केबल बंद पडली होती, आणि मेलेल्या केबलचे पैसे सरकार पुढे कित्येक वर्षं भरत होतं. १८६५ पासून इराणच्या आखातातून आणि तुर्की मुलखातून तारा जाऊ लागल्या, पण मधल्या ठाण्यांवरच्या इंग्रजी न येणाऱ्या कारकुनांच्या हातून मजकुराची मोडतोड होई आणि दिवसच्या दिवस लागत. अखेर फेब्रुवारी १८७० मध्ये 'ग्रेट ईस्टर्न' हे अजस्र जहाज मुंबईहून एडनच्या दिशेने केबल सोडत निघालं. उन्हाने पोटातला गट्टापर्चा मऊ पडू नये म्हणून जहाज पांढरं रंगवलं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई सुएझ, माल्टा आणि जिब्राल्टरमार्गे लंडनला जोडली गेली. यामागचा भांडवलदार जॉन पेंडर मँचेस्टरचा, कापडाच्या धंद्यातला. मुंबईच्या कापसाचा भाव त्याच दिवशी कळण्याची किंमत त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. व्यापाऱ्याची घाई आणि सरकारची १८५७ ची धास्ती एकाच तारेत गुंफली गेली होती.

जिथे तार नव्हती तिथे काय होत होतं, त्याचा दाखला मुंबईकरांच्या ओळखीच्या माणसाचा आहे. सर बार्टल फ्रिअर १८६२ ते १८६७ मुंबईचे गव्हर्नर होते. आजचं फ्लोरा फाउंटन आधी त्यांच्याच नावाने बांधायला घेतलं होतं. पुढे ते दक्षिण आफ्रिकेत गेले. झुलूंशी युद्ध नको असं लंडनने कळवलं होतं, पण केपपर्यंत केबलच नव्हती. डिसेंबर १८७८ मध्ये फ्रिअर यांनी झुलू राजा सेतेवायोला मान्य करताच येणार नाहीत अशा अटी घातल्या आणि जानेवारीत सैन्य आत घुसवलं. २२ जानेवारी १८७९ ला इसांडल्वाना इथे झुलूंनी इंग्रजी फौजेची १३०० हून अधिक माणसं कापली. लंडनला हे कळलं ११ फेब्रुवारीला.

त्याच वर्षाच्या अखेरीस एडनहून झांझिबारमार्गे दर्बानपर्यंत केबल पोचली. वसाहतमंत्री हिक्स बीच यांनी युद्धाच्या दोन महिने आधीच पंतप्रधानांना लिहिलं होतं की तारेवाचून मला फ्रिअरला आवरता येत नाही; आणि तार असती तरी आवरता आलं असतं की नाही, कोण जाणे.