एचआयव्हीबाधितांमधील असामान्य विषाणूजन्य त्वचाविकारांचे निदान

एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावली की हर्पिस (पाणीदार फोडांचा विषाणूजन्य आजार), नागीण, मोलस्कम (विषाणूमुळे उठणारे मोत्यासारखे दाणे), चामखीळ असे ओळखीचे आजार त्वचेवर अनोळखी रूपात दिसू लागतात. एरवी आठ-दहा दिवसांत सुकणारा फोड महिनोन्‌महिने चिघळत राहतो, टाचणीच्या डोक्याएवढा दाणा वाटाण्याहून मोठा होतो, सपाट जखमेच्या जागी मांसल गाठ वाढते. विषाणू आणि शरीराचा प्रतिकार यांच्या झटापटीतून पुरळाचे रूप घडत असते. त्यातली एक बाजू लुळी पडली की रूप पालटते आणि नुसत्या नजरेने केलेले निदान चुकू लागते.

त्वचा पाहण्याआधी सीडी४ पेशींची, म्हणजे एचआयव्ही ज्यांना नष्ट करतो त्या प्रतिकारक पांढऱ्या पेशींची, संख्या माहीत असणे फार मोलाचे ठरते. निरोगी प्रौढात दर घनमिलिमीटर रक्तात या पेशी साधारण ५०० ते १५०० असतात; त्या २०० च्या खाली गेल्या की विचित्र रूपे वाढत जातात. उलट, असे रूप दिसलेल्या व्यक्तीची एचआयव्ही चाचणी झालीच नसेल, तर समुपदेशन करून आणि संमती घेऊन ती करावी.

सर्वाधिक फसवणारा आजार हर्पिस सिम्प्लेक्सचा. जननेंद्रिये आणि गुदद्वाराभोवतीची हर्पिसची जखम एक महिन्याहून अधिक टिकली तर ती एड्सच्या टप्प्याची खूण मानली जाते. कधी तिथे फुलकोबीसारखी ओबडधोबड, ओलसर गाठ उभी राहते आणि पाहणाऱ्याला कर्करोगाचीच शंका येते. बायोप्सीच्या, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या, तुकड्यातही त्वचेचा वरचा थर बेसुमार जाड झालेला आणि खाली प्लाझ्मा पेशींची (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींची) दाटी दिसते. विषाणूने बदललेल्या पेशी मात्र एखाद्या कोपऱ्यात सापडतात. हर्पिसची शंका तुकड्यासोबत प्रयोगशाळेत जाणाऱ्या चिठ्ठीवर लिहिलेली नसेल, तर त्या नजरेतून निसटू शकतात. कर्करोगाची गाठ समजून मोठी शस्त्रक्रिया झाली तर रुग्णाचे नुकसान भरून येत नाही, म्हणून ही एक ओळ लिहिण्याचा कंटाळा कोणी करू नये. योग्य मात्रेत असायक्लोव्हिर हे हर्पिसवरचे नेहमीचे औषध देऊनही सात ते दहा दिवसांत फरक पडला नाही, तर औषधाला न जुमानणारा विषाणू असण्याची शक्यता धरावी. हे औषध विषाणूच्याच थायमिडीन कायनेज या विकराकडून (एन्झाइमकडून) कार्यान्वित होते. त्या विकराच्या जनुकात बिघाड झालेल्या विषाणूवर ते चालत नाही. मग फॉस्कार्नेट किंवा सिडोफोव्हिर या दुसऱ्या विषाणूविरोधी औषधांकडे वळावे लागते.

नागीणही एका पट्ट्यात न राहता अंगभर पसरते किंवा चामखिळीसारखी खडबडीत होऊन तशीच राहते.

मोलस्कमचे दाणे चेहरा, पापण्या आणि दाढीच्या भागात दाटीने येतात. मोत्यासारखा दाणा, मधोमध खळी: चित्र सोपे वाटते, पण क्रिप्टोकॉकस, हिस्टोप्लाझ्मा आणि टॅलरोमायसिस या बुरशीही हुबेहूब असेच दाणे उठवतात, आणि त्या जीवघेण्या असतात. दाणे थोड्या दिवसांत भराभर आले असतील, सोबत ताप, डोकेदुखी किंवा वजनातली घट असेल, तर मोलस्कम म्हणून सोडून देणे धोक्याचे. एक दाणा सुईने टोचून दाबला की पांढरा, दह्याच्या गुठळीसारखा गर बाहेर येतो. तो काचपट्टीवर दाबून रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली मोठे, गोलसर मोलस्कम पिंड दिसतात. १८४१ मध्ये हेंडरसन आणि पॅटरसन यांनी त्यांचे वर्णन केले. त्याऐवजी जाड आवरणाच्या गोल बुरशीपेशी दिसल्या, तर त्याच दिवशी रक्तातील क्रिप्टोकॉकसच्या प्रतिजनाची (त्या बुरशीच्या ओळखू येणाऱ्या अंशाची) तपासणी करावी.

कापोसी सार्कोमा या विषाणूमुळे होणाऱ्या कर्करोगाचे जांभळट चट्टे सावळ्या त्वचेवर तपकिरी किंवा काळपट दिसतात, त्यामुळे ते जुना डाग म्हणून दुर्लक्षित राहतात. त्यामागचा मानवी हर्पिस विषाणू ८ हा १९९४ मध्ये युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांनी शोधला. बायोप्सीत त्याचे लाना हे प्रथिन रंगवून निदान पक्के होते. बार्टोनेला जिवाणूंमुळे येणाऱ्या गाठी अगदी तशाच दिसतात, मात्र त्या साध्या प्रतिजैविकांनी बऱ्या होतात; तुकडा न तपासता उपचार ठरवू नयेत ते यासाठीच. २०२२ च्या साथीनंतर या यादीत एमपॉक्सची (पूर्वीचे नाव मंकीपॉक्स) भर पडली. सीडी४ ३५० पेक्षा कमी असलेल्या ३८२ एमपॉक्स रुग्णांच्या पाहणीत २७ जण दगावले, आणि त्या सर्वांच्या सीडी४ पेशी २०० च्या खाली होत्या. अशा रुग्णांत फोडांऐवजी मोठ्या, काळ्या पडून कुजणाऱ्या जखमा दिसतात.

नमुना कुठून घेतला यावर अहवाल अवलंबून असतो. ताजा फोड उघडून त्याच्या तळाचा स्वॅब पीसीआरसाठी (विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीसाठी) घ्यावा. जखमेची बायोप्सी करताना कड आणि तळ दोन्ही हवेत: हर्पिसच्या खुणा कडेच्या त्वचापेशींत असतात, तर सायटोमेगॅलो या हर्पिसच्याच कुळातील विषाणूच्या खुणा तळाशी, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात. एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आणि दुसरा सलाइनमध्ये पाठवावा, कारण फॉर्मॅलिनमध्ये बुडालेल्या तुकड्यातून बुरशी किंवा क्षयाचे जंतू वाढवता येत नाहीत. झँक चाचणीत, म्हणजे फोडाचा तळ खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना, बहुकेंद्रकी (अनेक केंद्रके असलेल्या) पेशी झटकन दिसतात, पण हर्पिस आणि नागीण यांतला फरक तिला कळत नाही. एक विषाणू सापडला म्हणून शोध थांबवणेही चूकच; एकाच जखमेत हर्पिस, सायटोमेगॅलो आणि सिफिलिस एकत्र आढळू शकतात.

एचआयव्हीविरोधी उपचार सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत-महिन्यांत दबलेले विकार उसळू शकतात. सुधारणारा प्रतिकार त्यामागे असतो. घाबरून गोळ्या बंद करू नयेत. याउलट, शिब्यासारखे दिसणारे पॅपिलोमा विषाणूचे (चामखीळ उठवणाऱ्या विषाणूचे) सपाट चट्टे सीडी४ वाढूनही वर्षानुवर्षे टिकतात. बायोप्सीचा अहवाल ‘विशेष काही नाही’ असा आला आणि जखम मात्र भरत नसेल, तर दुसऱ्या जागेवरून पुन्हा तुकडा घ्यावा.