मुका मार आणि मध्यमवय

बालपणी डोक्याला लागलेल्या माराचे परिणाम चाळिशी-पन्नाशीत घेऊन जगणाऱ्यांविषयीची, नागपूरच्या संदर्भातली ही नोंद. रक्त न निघणाऱ्या, वरून न दिसणाऱ्या दुखापतीला मराठीत ‘मुका मार’ म्हणतात. डोक्याला हा शब्द फार नेमका लागू पडतो. कवटी शाबूत राहते, पण हिसक्याने आतला मेंदू हलतो, त्याचे बारीक तंतू ताणले जातात, आणि मूल मात्र तासाभरात उठून खेळायला पळते.

नागपुरात पडण्याची निमित्ते ठरलेली असत. संक्रांतीला कठडा नसलेल्या गच्चीवर पतंग उडवताना मागे मागे सरकत जाणे, उन्हाळ्यात गच्चीवर झोपलेले असताना झोपेत कडेला येणे, चिंचेचे झाड, स्कूटरवर वडिलांच्या पुढ्यात उभे राहून जाणे. घरी हळद लागे, आणि टेंगूळ आले की मोठी माणसे निश्चिंत होत: ‘मार बाहेर निघाला, आत नाही गेला.’ हा समज साफ चुकीचा आहे. टेंगूळ म्हणजे कातडीखाली साचलेले रक्त. कवटीच्या आत काय झाले ते त्यावरून कळत नाही. सीटी स्कॅन पहिल्यांदा रुग्णावर झाला तो १९७१ साली, लंडनमध्ये. आज पन्नाशीत असलेल्यांच्या लहानपणी आपल्याकडे बहुधा साधा एक्स-रे निघे, आणि त्यात हाड दिसते, मेंदू नाही.

‘मूल लहान आहे, भरून निघेल’ या समजाला एकेकाळी विज्ञानाचाही आधार मिळाला होता. मेंदूसंशोधक मार्गारेट केनार्ड यांनी १९३०च्या दशकात माकडांवर केलेल्या प्रयोगांत लहान वयातली इजा अधिक चांगली भरून निघताना दिसली. पण ते प्रयोग मेंदूतल्या, हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या भागावरचे होते. नियोजन, संयम, लक्ष टिकवणे ही कामे कपाळामागच्या भागाची, आणि तो पंचविशीपर्यंत घडतच असतो. सातव्या वर्षी त्याला धक्का बसला तर उणीव त्या वर्षी दिसत नाही. ते काम अंगावर पडते तेव्हा दिसते. १९७३ ते १९८५ दरम्यान स्वीडनमध्ये जन्मलेल्या दहा लाखांहून अधिक लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. पंचविशीआधी मेंदूला इजा झालेल्यांत मानसिक आजारांवरचे उपचार, अपंगत्वाचे निवृत्तिवेतन आणि अकाली मृत्यू यांचे प्रमाण जास्त आढळले. सौम्य इजेतही काही प्रमाणात.

मग मध्यमवयातच हे का उफाळते? इतकी वर्षे माणूस जादा कष्टाने तोल सांभाळत आलेला असतो. चाळिशीनंतर मुलांची शिक्षणे, आईवडिलांची आजारपणे, कामातली जबाबदारी एकदम वाढते. जोडीला बीपी, शुगर, अपुरी झोप. इतवारीच्या किराणा ओळीत हिशेब लिहिणाऱ्या एखाद्या माणसाचा दिवस पाहा. सकाळी अकराला त्याची बेरीज बिनचूक असते. दुपारी तीनला, बाहेर पंचेचाळीस अंश आणि कानाशी डेझर्ट कूलरची घरघर सुरू असताना, तोच आकडा तो तीनदा वाचतो आणि तिन्ही वेळा वेगळा वाचतो. हमाल काही विचारतो, मागून दुसरा कोणी हाक मारतो, आणि तो खेकसतो. संध्याकाळी घरी दिवा न लावता पडून राहतो. लोक त्याला तापट म्हणतात, कामचुकार म्हणतात. बाईमाणसाच्या बाबतीत हेच सगळे पाळी जाण्याच्या खात्यावर मांडून मोकळे होतात. ‘लहानपणी डोक्यावर पडला होता का?’ हा आपल्याकडचा सर्रास टोमणा. ज्याच्या बाबतीत ते खरे आहे, त्याला तो कसा लागत असेल!

थकवा, डोकेदुखी, विसर, आवाज-उजेड सहन न होणे, उदासी ही नेहमीची लक्षणे. वास न येणे किंवा वर्षानुवर्षांनी फिट येणे हेही घडते. पुढे स्मृतिभ्रंशाची जोखीम वाढते. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० साली स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत डोक्याच्या दुखापतीचा समावेश केला. जोखीम वाढते म्हणजे तो होणारच, असे नव्हे. एमआरआय स्वच्छ आला म्हणजे इजा झालीच नव्हती, असेही नव्हे.

शहरात मेडिकलशी, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी, जोडलेले सुपर स्पेशालिटी रुग्णालय आणि मिहानमधले एम्स येथे मेंदूविकाराचे विभाग आहेत. अडचण बहुधा त्याआधीचीच असते. मनोरुग्णालयामुळे ‘पागलखाना चौक’ हे नाव नागपूरच्या तोंडी इतके बसले आहे, की चिडचिडीसाठी मेंदूच्या डॉक्टरांकडे जायचे म्हटले तरी घरच्यांना तोच चौक आठवतो. या भीतीत माणसांची वर्षे वाया जातात, आणि ती जाऊ नयेत. झालेली इजा पुसता येत नाही. पण डोकेदुखी, झोप, उदासी, फिट या प्रत्येकावर उपचार आहेत, आणि कामाची नव्याने आखणी शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्टही असतात. अवघड काम सकाळी, दुपारी अंधाऱ्या खोलीत अर्धा तास, सांगितलेले लगेच वहीत, दारू नाही, दुचाकीवर हेल्मेट. दुसरा मार पहिल्यापेक्षा महाग पडतो.

कायद्यात मात्र फट आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत मेंदूच्या इजेचे वेगळे नाव नाही. प्रमाणपत्र हवे तर दीर्घकालीन मेंदूविकार, मानसिक आजार अशा दुसऱ्या नावाखाली बसवून घ्यावे लागते.

डॉक्टर पहिल्याच भेटीत जे विचारतात, त्याची उत्तरे रुग्णाकडे नसतात. शुद्ध किती वेळ हरपली होती, उलट्या झाल्या का, फिट आली का, किती दिवस भरती होता, नंतर शाळेत काय बदलले. हे आई, आत्या, मोठा भाऊ यांना ठाऊक असते, आणि ती माणसे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांच्याजवळ बसून विचारावे, तारखेसह लिहून घ्यावे. जुन्या लोखंडी पेटीत डिस्चार्ज कार्ड सापडले तर त्याचा फोटो काढून ठेवावा. त्यावरची शाई पुसट होत चाललेली असते.