कोच मॅक्लेंडन आणि समोरच्या संघाचा प्रश्न

मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला बास्केटबॉलचं हॉल ऑफ फेम आहे. जॉन मॅक्लेंडन यांचं नाव तिथे दोनदा लागलं. पहिल्यांदा १९७९ मध्ये, खेळाला हातभार लावणाऱ्यांच्या गटात. दुसऱ्यांदा २०१६ मध्ये, कोच म्हणून. तोवर त्यांना जाऊन सतरा वर्षं होत आली होती. पाचशेहून जास्त कॉलेज सामने जिंकलेल्या माणसाला नुसतं ‘कोच’ म्हणायला आणखी सदतीस वर्षं का लागली? त्यांनी किती सामने जिंकले हे मोजून याचं उत्तर मिळत नाही. त्यांच्यासमोर कोर्टवर उतरायला कोण तयार होतं आणि कोण नव्हतं, ते पाहावं लागतं.

मॅक्लेंडन यांचा जन्म ५ एप्रिल १९१५ चा, कॅन्सास राज्यातल्या हायवाथा गावचा. कॅन्सास सिटीत ते कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळ्या ठेवलेल्या समनर हायस्कूलमध्ये शिकले आणि १९३३ साली लॉरेन्सच्या कॅन्सास विद्यापीठात शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमाला गेले. बास्केटबॉल ज्यांनी १८९१ च्या डिसेंबरमध्ये शोधून काढला ते जेम्स नेस्मिथ तिथे प्राध्यापक होते. मॅक्लेंडन सरळ त्यांच्या खोलीत गेले आणि तुम्ही माझे मार्गदर्शक आहात म्हणाले. कोणी सांगितलं, असं नेस्मिथनी विचारल्यावर उत्तर आलं, वडिलांनी. वडील सांगतात ते बरोबरच असतं, असं म्हणून नेस्मिथनी त्यांना ठेवून घेतलं. हा प्रसंग मॅक्लेंडन पुढे आयुष्यभर सांगत.

गंमत अशी की नेस्मिथ यांचा कोचिंगवर फारसा विश्वास नव्हता. बास्केटबॉल खेळायचा असतो, शिकवायचा नसतो, असं त्यांचं मत. जिंकण्यापेक्षा हरण्याचा आकडा मोठा असलेला कॅन्सासचा आजवरचा एकमेव कोच म्हणजे खुद्द खेळाचे जनक. अशा गुरूकडे त्या शतकातला एक अव्वल कोच घडला!

पण कॅन्सासच्या संघात मॅक्लेंडन यांना जागा नव्हती. विद्यापीठाच्या संघाचं दार तेव्हा कृष्णवर्णीयांना बंद होतं आणि ते उघडायला पन्नासचं दशक उजाडावं लागलं. विद्यापीठाच्या पोहण्याच्या तलावात ते उतरले तर नंतर तलावातलं पाणी काढून टाकलं गेलं. महाडचं चवदार तळं आणि त्यानंतरचं ते ‘शुद्धीकरण’ ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला यावर वेगळं काही सांगायला नको. मॅक्लेंडन यांनी तो प्रश्न लावून धरला, नेस्मिथ पाठीशी राहिले आणि तलाव खुला झाला. आरडाओरडा न करता पण तसूभरही मागे न सरता अडून बसण्याची ही रीत त्यांच्या पुढच्या सगळ्या कारकिर्दीत दिसते.

१९३६ ला पदवी घेऊन, आयोवा विद्यापीठात पुढचं शिक्षण करून ते नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅमला आले. कॉलेजचं नाव होतं नॉर्थ कॅरोलिना कॉलेज फॉर निग्रोज. आज ती नॉर्थ कॅरोलिना सेंट्रल युनिव्हर्सिटी आहे. १९४० पासून ते तिथे मुख्य कोच झाले आणि बारा वर्षं राहिले. त्या काळी बास्केटबॉल संथ चालायचा. चेंडू सावकाश पुढे आणायचा, पास फिरवत राहायचं, मग दोन्ही पाय जमिनीवर ठेवून नेम धरायचा. मॅक्लेंडन यांनी मोसमाआधी पोरांना क्रॉस कंट्री पळवलं. रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटनंतर उसळून आलेला चेंडू, हातात आला की पळत सुटायचं, समोरच्यांना बचाव लावायला वेळच द्यायचा नाही, आणि चेंडू त्यांच्याकडे गेला की अर्ध्या कोर्टवर वाट न पाहता जिथल्या तिथे अडवायचं. आज याला फास्ट ब्रेक आणि फुल कोर्ट प्रेस म्हणतात आणि तालुक्याच्या शालेय स्पर्धेतही ते दिसतं. चेंडू जिथे आहे तिथेच खेळ आहे, हे सूत्र आपल्याला नेस्मिथकडून मिळालं, असं मॅक्लेंडन म्हणत.

हे सगळं पाहायला बाहेरचं मात्र कोणी नव्हतं. दक्षिणेतल्या कायद्यांनी आणि रूढींनी गोरे आणि काळे संघ वेगळे ठेवले होते. राष्ट्रीय स्पर्धांचं निमंत्रण कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांना येत नसे. मॅक्लेंडन यांचा संघ आपल्यासारख्याच कॉलेजांच्या सीआयएए या संघटनेत खेळायचा, तिथली विजेतीपदं जिंकायचा आणि ड्यूक विद्यापीठ त्याच गावात असूनही त्याच्याशी कधी खेळू शकायचा नाही.

१२ मार्च १९४४ ला मात्र खेळला. ड्यूकच्या वैद्यकीय शाखेचा तेव्हा एक संघ होता. युद्धामुळे लष्करी प्रशिक्षणाखाली डॉक्टरकी शिकायला आलेले, वेगवेगळ्या कॉलेजांतून आधी नावाजलेले खेळाडू त्यात होते, आणि आपण परिसरात सर्वांत भारी आहोत अशी त्यांची खात्री होती. मॅक्लेंडन यांच्या संघाने त्या मोसमात एकच सामना गमावला होता. दोन्हीकडच्या काही विद्यार्थ्यांची वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या निमित्ताने गुपचूप गाठ पडायची. त्यातून बढाया, बढायांतून आव्हान. मॅक्लेंडन यांनी वेळ ठरवली रविवार सकाळची, कारण त्या वेळी सगळं गाव, पोलिसांसकट, चर्चमध्ये असणार. ड्यूकची मुलं आडवळणाने गाडी हाकत आली आणि चेहरे झाकून जिममध्ये शिरली. आतून दारं लावून घेतली. प्रेक्षक नाहीत. कुणकुण लागलेले काही विद्यार्थी तेवढे बाहेरून खिडक्यांना लटकले.

सुरुवातीला घरचा संघच बिचकला. गोऱ्या माणसाला धक्का लागला तर काय होतं, हे त्या पोरांना लहानपणापासून शिकवलेलं. सोपे शॉट हुकत गेले. मग पाय मोकळे झाले आणि पळणं सुरू झालं. शेवटी गुणफलक ८८-४४ वर थांबला. बरोबर दुप्पट. यानंतर जे झालं ते मला त्या आकड्याहून मोठं वाटतं. थोडं थांबून त्यांनी खेळाडू वाटून घेतले, दोन्हीकडे काळे-गोरे मिसळले, एका बाजूने शर्ट काढले आणि दुसरा सामना खेळले.

स्थानिक कृष्णवर्णीय वृत्तपत्राच्या बातमीदाराला याचा पत्ता होता. त्याने एक ओळही छापली नाही. बातमी फुटली असती तर कोचची नोकरी जाणं ही सर्वांत सौम्य शिक्षा ठरली असती. त्याच वर्षी जुलैमध्ये डरहॅमच्या एका बस ड्रायव्हरने बुकर स्पाइसली या कृष्णवर्णीय सैनिकाला गोळ्या घातल्या आणि तो निर्दोष सुटला. सामन्याची हकिकत जगासमोर आली ती १९९६ मध्ये, इतिहासकार स्कॉट एल्सवर्थ यांच्या लेखातून. तेव्हा मॅक्लेंडन ऐंशी ओलांडलेले होते.

चोरून खेळणं हा एक मार्ग झाला. प्रतिस्पर्धी मिळत नाहीत तर स्पर्धा आपणच उभी करायची, हा त्यांचा दुसरा मार्ग. १९४६ मध्ये सीआयएएची पहिली बास्केटबॉल स्पर्धा वॉशिंग्टनमध्ये भरवण्यात त्यांचा पुढाकार होता, आणि ती जिंकलीही त्यांच्याच संघाने. १९५० मध्ये आपला खेळाडू हॅरोल्ड हंटर आणि वेस्ट व्हर्जिनिया स्टेटचा अर्ल लॉइड या दोघांना एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या वॉशिंग्टन कॅपिटल्स संघाच्या चाचणीला त्यांनीच नेलं. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला लॉइड एनबीएत खेळलेला पहिला कृष्णवर्णीय ठरला.

तिसरा मार्ग बंद दार ठोठावण्याचा. लहान कॉलेजांची राष्ट्रीय संघटना एनएआयए, आधीचं नाव एनएआयबी, हिने १९४८ पर्यंत आपल्या स्पर्धेत कृष्णवर्णीय खेळाडूंना बंदी घातली होती. १९४७ मध्ये इंडियाना स्टेटचे तरुण कोच जॉन वुडन यांनी आपल्या क्लॅरेन्स वॉकर या खेळाडूला खेळता येणार नाही म्हणून निमंत्रणच नाकारलं होतं. पुढे खेळाडूंवरची बंदी उठली, पण कृष्णवर्णीयांच्या कॉलेजांना आत घ्यायला १९५३ उजाडलं. मॅक्लेंडन आणि त्यांचे सहकारी यासाठी कित्येक वर्षं मागे लागले होते.

मधली दोन वर्षं हॅम्प्टनला काढून १९५४ मध्ये ते नॅशव्हिलच्या टेनेसी ए अँड आय कॉलेजात आले. त्या वर्षी कॅन्सास सिटीतल्या स्पर्धेचं बोलावणं आलं तेव्हा त्यांनी अट घातली: बाकीचे संघ शहरातल्या ज्या हॉटेलांत उतरतात तिथेच आमचाही संघ उतरेल, नाहीतर येणार नाही. आयोजकांना ते मान्य करावं लागलं. आणि मग १९५७, १९५८, १९५९ अशी सलग तीन वर्षं त्यांनी एनएआयएची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. बत्तीस संघ, एका आठवड्यात पाच सामने, एक हरलात की घरी. पळण्याची सवय लावलेला संघ तिथे शेवटपर्यंत टिकायचा यात नवल नाही. सलग तीन राष्ट्रीय विजेतीपदं तोवर कुठल्याही कॉलेज कोचला जमली नव्हती.

यापुढची वाट खडबडीत आहे. क्लीव्हलँड पायपर्सकडे ते गेले, १९६१ मध्ये हा संघ व्यावसायिक लीगमध्ये उतरला आणि मॅक्लेंडन व्यावसायिक लीगमधल्या मिश्र संघाचे पहिले कृष्णवर्णीय कोच झाले. मालक होते जॉर्ज स्टाइनब्रेनर, जे पुढे न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघामुळे गाजले. मध्यंतरातच एक खेळाडू समोरच्या संघाला विकून टाकल्याचा त्यांचा किस्सा सांगितला जातो. प्रतिस्पर्धी मिळवण्यात आयुष्य घालवलेल्या कोचवर हीही वेळ आली म्हणायची. खेळाडूंच्या पगारावरून वाद होऊन १९६२ च्या जानेवारीत मॅक्लेंडन यांनी राजीनामा दिला. केंटकी स्टेटनंतर १९६६ मध्ये क्लीव्हलँड स्टेटला आले तेव्हा मुख्यतः गोऱ्या विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात मुख्य कोच होणारे ते पहिले कृष्णवर्णीय होते. तिथल्या तीन मोसमांत विजयांपेक्षा पराभव जास्त झाले. १९६९ मध्ये डेन्व्हर रॉकेट्स या व्यावसायिक संघाने त्यांना २८ सामन्यांनंतर, म्हणजे एक तृतीयांश मोसमात, काढलं. पुढे बरीच वर्षं ते कॉन्व्हर्स या बूट कंपनीसाठी शिबिरं घेत हिंडले. ८ ऑक्टोबर १९९९ ला ते गेले.

त्यांच्या टेनेसी संघातला डिक बार्नेट पुढे न्यूयॉर्क निक्सकडून एनबीए जिंकला. उतारवयात त्याने एकच ध्यास घेतला होता: तीन विजेतीपदं जिंकलेल्या आपल्या संघालाही हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळावी. कित्येक वर्षं तो त्यामागे लागला. २०१९ मध्ये संघ आत गेला. २०२४ च्या एप्रिलमध्ये हयात असलेल्या खेळाडूंना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं गेलं, पहिल्या विजेतीपदानंतर सदुसष्ट वर्षांनी.